मर्सेनची संख्या आणि ईश्वराची इच्छा

२चा १२७वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की ३९ अंकांची एक संख्या मिळते: १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७. या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज विभाजक नाही. म्हणजे ती मूळ संख्या आहे. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८७६ साली ते सिद्ध केले आणि पुढे १९५१ सालापर्यंत माणसाला ठाऊक असलेली हीच सर्वांत मोठी मूळ संख्या होती. २०२४च्या ऑक्टोबरात सापडलेली आजची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची आहे. ती शोधायला अनेक देशांतली संगणकीय यंत्रे राबत होती. तिच्यापुढे ३९ अंक काहीच नव्हेत. पण यंत्राशिवाय, केवळ हाताने आकडेमोड करून सिद्ध झालेल्या मूळ संख्यांमध्ये ल्युका यांचीच संख्या अजूनही सर्वांत मोठी आहे, आणि मोठ्या मूळ संख्येमुळे उभे राहणारे तात्त्विक प्रश्न तिच्यापाशीच पुरेपूर उभे राहतात.

तिची घडण अगदी साधी आहे. १, २, ४, ८ असे दुपटीने वाढणारे १२७ आकडे मिळवले की बेरीज हीच येते. द्विमान पद्धतीत लिहिली तर ती म्हणजे शेजारी शेजारी मांडलेले १२७ एक. ‘हनोईचा मनोरा’ हे चकत्यांचे कोडेही ल्युका यांचेच, १८८३ सालचे. काशीच्या देवळात ब्राह्मण ६४ सोन्याच्या चकत्या एका खुंटीवरून दुसरीवर हलवत आहेत आणि ते काम पुरे होईल तेव्हा जग संपेल, ही दंतकथा त्या कोड्याला जोडली गेली. चकत्या १२७ असत्या तर कमीत कमी लागणाऱ्या चाली नेमक्या या संख्येइतक्या झाल्या असत्या.

२चा एखादा घात वजा १, या रूपाच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. पुढे सोयीसाठी घातांक कंसात घालून त्या म(१२७), म(६७) अशा लिहिल्या आहेत. घातांक संयुक्त असेल तर मर्सेन संख्याही संयुक्तच असते. घातांक मूळ असला तर मात्र काही सांगता येत नाही: म(७) म्हणजे १२७ मूळ आहे, पण म(११) म्हणजे २०४७ ही २३ × ८९ निघते. मूळ घातांकाच्या मर्सेन संख्येला विभाजक असलाच तर तो ठरावीक साच्याचा असावा लागतो. घातांकाच्या दुपटीच्या कोणत्या तरी पटीत १ मिळवून तो मिळतो. २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे ८८ अधिक १. म(१२७)ला विभाजक असता तर तो २५४च्या पटीहून एकाने मोठा असता. इतकी चाळणी लावूनही तपासण्याजोगे विभाजक सुमारे ५ कोटी कोटी, वर आणखी दोन शून्ये इतके उरतात. रोज शंभर भागाकार करणाऱ्याला ते संपवायला लाख कोटी वर्षांहून अधिक काळ लागेल. ल्युका यांनी यातला एकही भागाकार न करता निर्णय दिला.

इथपर्यंत सारे गणित आहे. त्याच्या तळाशी असलेला प्रश्न फार जुना आहे. ल्युका यांच्या आधी ही संख्या मूळ होती का? होती म्हणावे तर ते सत्य कोणाच्या ज्ञानात होते, आणि ते तसेच असावे हे ठरवले कोणी? ईश्वर मानणाऱ्या दर्शनांत तर तो अधिकच टोकदार होतो: ईश्वराने मनात आणले असते तर म(१२७)ला विभाजक देता आला असता का? ज्यांचे नाव या संख्यांना मिळाले, त्यांनाच या प्रश्नाचे एक अत्यंत धीट उत्तर पत्रातून कळवले गेले होते.

मारँ मर्सेन (१५८८–१६४८) हे मिनिम नावाच्या कॅथलिक संघाचे साधू. पॅरिसमधल्या मठात राहून त्यांनी युरोपभरच्या विद्वानांशी पत्रव्यवहार केला. फर्मा, देकार्त, गॅलिलिओ यांचे विचार एकमेकांपर्यंत पोचण्याचा तो मोठा मार्ग होता. १६४४ साली एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी विधान केले की २५७पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांसाठीच ही संख्या मूळ असते. या विधानाची पूर्ण तपासणी व्हायला तीनशे वर्षे लागली. ६७ आणि २५७ चुकीचे ठरले; ६१, ८९ आणि १०७ हे मूळ संख्या देणारे घातांक यादीतून सुटले होते. त्यांतला ६१ हा १८८३ साली इव्हान पेर्वुशिन या रशियन पाद्र्यांनी सिद्ध केला. या शोधाच्या दोन टोकांना दोन धर्मसेवक उभे असावेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मर्सेन यांच्याजवळ म(१२७)ची सिद्धता नव्हती, त्या काळात ती असणे शक्यही नव्हते. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सारा काळही अपुरा पडेल, अशी कबुली त्यांनीच देऊन ठेवली आहे. तरीही १२७बद्दल ते बरोबर निघाले. मग १६४४ साली माणसाला म(१२७) मूळ असल्याचे ज्ञान होते असे म्हणायचे का? बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात नेमकी हीच अडचण मांडली आहे. एकाने मुठीत कवड्या लपवल्या, दुसऱ्याने अंदाजाने पाच म्हटले आणि कवड्या खरोखर पाचच निघाल्या. त्याची समजूत वस्तुस्थितीशी जुळते. पण तिला प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, म्हणायला मन घेत नाही. न्याय दर्शन मानणाऱ्या नैयायिकांच्या व्याख्यांना सुरुंग लावण्यासाठी श्रीहर्षाने हे उदाहरण वापरले. मर्सेन यांची यादी पाहिली की त्याचे बळ कळते. एकाच लेखणीने, एकाच अधिकाराने, एकाच वाक्यात लिहिलेल्या ६७ आणि १२७ यांपैकी एक खोटा आणि एक खरा. दोन्हींमागे तोच अंदाज असेल, तर खऱ्या ठरलेल्या अर्ध्यालाही ज्ञान म्हणता येत नाही. सत्य तेव्हा होते, ते उच्चारलेही गेले होते. ज्ञान झाले ते १८७६ साली.

ते ज्ञान कोणत्या प्रकारचे, हेही पाहण्यासारखे आहे. ल्युका यांच्या कसोटीला अमेरिकन गणिती डी. एच. लेमर यांनी १९३०च्या सुमारास आजचे सुटसुटीत रूप दिले. ४पासून सुरुवात करायची. प्रत्येक पायरीला हातातल्या संख्येचा वर्ग करून २ वजा करायचे आणि जी मर्सेन संख्या तपासायची तिने भागून फक्त बाकी ठेवायची. घातांकाहून दोनने कमी इतक्या पायऱ्या झाल्यावर बाकी शून्य आली तर ती संख्या मूळ, नाही तर संयुक्त. म(५) म्हणजे ३१ घेतली तर तीन पायऱ्या: ४वरून १४, १४वरून १९४, म्हणजे ३१ने भागून ८, ८वरून ६२, म्हणजे शून्य. ३१ मूळ. २०४७साठी नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात, म्हणून ती संयुक्त. म(१२७)साठी १२५ पायऱ्या पुरतात. चिकाटीच्या माणसाच्या आवाक्यातले हे काम आहे.

१७३६ हा आकडा २०४७ला विभाजक आहेत एवढे सांगतो. २३ आणि ८९ यांचा त्यात मागमूस नाही. म(६७)च्या बाबतीत हे अंतर इतिहासातच दिसते. ती संयुक्त आहे हे ल्युका यांनी १८७६ सालीच दाखवले, पण तिचे अवयव कोणाला माहीत नव्हते. १९०३ साली फ्रँक नेल्सन कोल यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत ते मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. मधली २७ वर्षे या संख्येला अवयव आहेत हे निश्चित होते आणि ते कोणते हे अज्ञात होते. धूर दिसल्यावर अग्नी निश्चित होतो, तो कोणत्या लाकडाचा हे कळत नाही, तशी ही स्थिती.

म(१२७)चा दाखला याहून खोल जातो, कारण तिथे कळते ते एका अभावाविषयी: विभाजक नाही. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अभाव जाणण्यासाठी अनुपलब्धी हे वेगळे प्रमाण मानतात. जमिनीवर घट असता तर दिसला असता. दिसत नाही, म्हणून नाही. पण म(१२७)चे विभाजक कोणी पाहायला गेलेच नव्हते. इथे अभाव सिद्ध झाला तो १२५ वर्गांच्या शेवटी उरलेल्या शून्यावरून, निव्वळ अनुमानाने. न पाहिलेल्या, कधीही पाहणे शक्य नसलेल्या असंख्य ठिकाणी काही नाही, याची इतकी पक्की खात्री देणारे दुसरे क्षेत्र माणसाच्या हाती क्वचितच असेल. मूळ संख्यांकडे तत्त्वज्ञ पुन्हा पुन्हा वळतात ते यामुळे.

आता ईश्वराच्या इच्छेचा प्रश्न. १५ एप्रिल १६३०च्या पत्रात रने देकार्त मर्सेन यांना लिहितात की गणितातली ज्यांना शाश्वत सत्ये म्हणतात तीदेखील बाकीच्या सृष्टीप्रमाणे ईश्वरानेच स्थापलेली आहेत, राजा आपल्या राज्यात कायदे लावतो तशी. ती ईश्वराहून स्वतंत्र आहेत असे म्हणणारा त्याला दैवाच्या ताब्यातला ज्युपिटर समजतो. २७ मेच्या पत्रात ते आणखी पुढे जातात: जग न निर्माण करायला ईश्वर जितका मोकळा होता तितकाच वर्तुळाच्या त्रिज्या सारख्या नसाव्यात असे करायलाही मोकळा होता. १६४४ साली, म्हणजे मर्सेन यांची यादी छापली गेली त्याच वर्षी, मेलाँ नावाच्या जेझुइट पाद्र्यांना लिहिताना परस्परविरोधी गोष्टी एकत्र असू नयेत हेही ईश्वरावर बंधन नव्हते, असे देकार्त सुचवतात.

या भूमिकेमागे खरी श्रद्धा आहे. ईश्वराच्या आधी काहीही नाही, त्याच्या शेजारी काहीही नाही, आणि त्याची सत्ता आपल्या बुद्धीच्या मापाने मोजू नये, असे तिचे म्हणणे. त्रिज्यांचे उदाहरण घेतले की ती पटू शकते, कारण ‘त्रिज्या सारख्या नाहीत’ एवढे एक सुटे वाक्य उलटे करायचे असते. मोठी मूळ संख्या घेतली की ते सुटेपण टिकत नाही. म(१२७) संयुक्त असावी असे ईश्वराने ठरवले असे समजू. तर १२५ पायऱ्यांच्या शेवटी शून्य यायला नको. म्हणजे वाटेतली कोणती तरी एक पायरी वेगळी पडली पाहिजे. ती पायरी म्हणजे ३९ अंकी संख्येचा गुणाकार, आणि तो गुणाकार म्हणजे एकअंकी पाढ्यांची रास. तेव्हा कुठे तरी सात आठे छप्पन होता कामा नयेत. पण ते छप्पन नसतील तर किराणा दुकानातल्या हिशेबातही नसतील. म(१२७)च्या मूळपणाला स्वतःची वेगळी अशी जागाच नाही. तो पाढ्यांमध्ये आधीच विखुरलेला आहे. लहान संख्या जशा आहेत तशा ठेवून ही एक मोठी संख्या बदलण्याचा हुकूम, राजाच्या कायद्याप्रमाणे, काढताच येत नाही. बदलायचे तर सगळे अंकगणित बदलावे लागते.

देकार्तचा खंदा पुरस्कर्ता म्हणेल की मग ईश्वर सगळे अंकगणित बदलू शकला असता. त्याचे खंडन या युक्तिवादाने होत नाही. पण त्या भूमिकेला काय किंमत पडते ते दिसते. सगळे अंकगणित बदलल्यावर जे उरेल त्यात ‘दोन’, ‘घात’, ‘विभाजक’ हे शब्द कशाला लागू पडतील? ज्या संख्येबद्दल प्रश्न विचारला होता तीच तिथे उरणार नाही. ईश्वराने म(१२७)ला विभाजक दिला असे म्हणण्याजोगी घटना मग कुठे घडलीच नाही. वेगळ्या कशाला तरी विभाजक मिळाला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी म्हटले होते की त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोन न होऊ देणे ईश्वराला शक्य नाही, आणि त्याने त्याच्या सामर्थ्यात उणेपणा येत नाही, कारण तशी करण्याजोगी गोष्टच नसते. लायब्निझ यांनी १६८६ साली देकार्तचे मत थेट नाकारले आणि शाश्वत सत्ये ईश्वराच्या इच्छेत न ठेवता त्याच्या बुद्धीत ठेवली. ईश्वर ती ठरवत नाही. तो ती जाणतो, आणि जाणणे हे त्याचे स्वरूपच असल्याने ती त्याच्याबाहेरची ठरत नाहीत. या तिघांत लायब्निझ यांचे उत्तर अधिक भक्कम वाटते. सत्याला ते मनमानी होऊ देत नाही आणि ईश्वराला परकेही करत नाही.

लायब्निझ यांच्या कितीतरी आधी, पाचव्या शतकात, हीच दिशा संत ऑगस्टीन यांनी धरली होती, आणि त्यांच्याही हातात मर्सेन संख्यांचेच घराणे होते. युक्लिडने दाखवले होते की मर्सेन संख्या मूळ असली की तिला घातांकाहून एकाने कमी घाताच्या २ने गुणून परिपूर्ण संख्या मिळते. म्हणजे स्वतःखेरीज बाकीच्या विभाजकांची बेरीज जिची जितकी तितकीच असते अशी. ३वरून ६ (१ + २ + ३), ७वरून २८. म(१२७)वरून येणारी परिपूर्ण संख्या ७७ अंकी आहे. सृष्टी सहा दिवसांत का निर्माण झाली, याचे उत्तर ऑगस्टीन ६च्या परिपूर्णतेत शोधतात, आणि क्रम मोठ्या काळजीने लावतात. ईश्वराने सहा दिवस घेतले म्हणून सहा परिपूर्ण झाली नाही. सहा परिपूर्ण आहे म्हणून ईश्वराने सहा दिवस घेतले. सृष्टी नसती तरी सहा परिपूर्णच राहिली असती. दिवसांचा हिशेब आजच्या वाचकाने श्रद्धेचा विषय म्हणून बाजूला ठेवला तरी या क्रमातला विचार मोलाचा आहे. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाराव्या खंडात ते अनंत संख्यांकडे येतात. संख्या अनंत आहेत, म्हणून ईश्वरालाही त्या सगळ्या ठाऊक असू शकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना ते ठामपणे नाकारतात. प्रत्येक संख्या आपल्या गुणाने दुसरीपासून वेगळी आहे आणि त्यांतली एकही ईश्वराच्या जाणिवेबाहेर नाही. एकोणिसाव्या शतकात अनंत संचांचे गणित उभारताना गेऑर्ग कँटर यांनी या उताऱ्याचा आधार घेतला.

भारतीय दर्शनांत संख्येचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला आणि काही बाबतींत अधिक बारकाईने तपासला गेला. वैशेषिकांच्या मते संख्या हा द्रव्यात राहणारा गुण आहे. त्यातही भेद आहे. एकत्व वस्तूत असतेच. द्वित्व आणि पुढच्या संख्या मात्र, प्रशस्तपादांनी सांगितल्याप्रमाणे, अपेक्षाबुद्धीतून उत्पन्न होतात: ‘हे एक, हे एक’ अशी एकेकाला धरणारी जाणीव झाली की त्या दोन वस्तूंत द्वित्व हा गुण निर्माण होतो, आणि ती जाणीव सरली की तोही नष्ट होतो. म्हणजे संख्या वस्तूत खरीखुरी असते, पण मोजणाऱ्या बुद्धीशिवाय तिथे येत नाही. संख्या सापडतात की घडवल्या जातात, या पाश्चात्त्य वादाला इथे तिसरी वाट मिळते.

या मतातून नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमाञ्जली’त ईश्वराच्या अस्तित्वाचे एक प्रमाण काढले. दोन परमाणू मिळून द्व्यणुक होते. परमाणूच्या अतिसूक्ष्म परिमाणातून द्व्यणुकाचे परिमाण उपजू शकत नाही, म्हणून त्याचे कारण परमाणूंमधली द्वित्व ही संख्या. द्वित्वाला अपेक्षाबुद्धी लागते. सृष्टीच्या आरंभी देहधारी जीव नसतात, आणि असते तरी परमाणू त्यांना दिसत नाहीत. तेव्हा ती बुद्धी ईश्वराचीच असली पाहिजे. मोजणारा कोणी तरी हवा, या एका आग्रहातून ईश्वरापर्यंत पोचणारा हा युक्तिवाद तत्त्वज्ञानाच्या इतिहासात जवळपास एकटाच आहे.

म(१२७)पाशी या दर्शनाची कसोटी लागते. सोळाव्या शतकातल्या नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणींनी ती अडचण आपल्या परीने आधीच ओळखली होती. गुणांमध्ये गुण राहत नाही असा वैशेषिकांचा नियम. पण गुणही मोजले जातात, रंग तीन आहेत असे आपण सहज म्हणतो. म्हणून संख्येला गुणांच्या यादीतून काढून स्वतंत्र पदार्थ मानावे, असे त्यांनी सुचवले. मूळपण तर कोणत्याच वस्तूंच्या ढिगाचे लक्षण नाही. तेवढी फळे जगात आहेत की नाहीत, त्यांना कोणी मोजले की नाही, यावर म(१२७)चे विभाजक नसणे मुळीच अवलंबून नाही. अपेक्षाबुद्धी संख्येला वस्तूत आणते असे मानले, तरी एकदा आलेल्या संख्येला कोणते विभाजक असतील यात त्या बुद्धीला काही निवड उरत नाही. ईश्वराच्या बुद्धीलाही नाही. उदयनाचार्यांचा ईश्वर मोजतो. किती पडले ते ठरवत नाही. या मुद्द्यावर नैयायिक आणि लायब्निझ एकमेकांजवळ येऊन उभे राहतात.

विसाव्या शतकात संख्यांना मानवी मनाची निर्मिती मानणारे डच गणिती ब्राउवर यांनी ‘एक तर हे, नाही तर ते’ हा तर्कनियम अनंताच्या बाबतीत नाकारला. पण म(१२७) मूळ आहे की संयुक्त हे मर्यादित पायऱ्यांत ठरवता येते, त्यामुळे त्यांच्याही मते तो नियम इथे लागू पडतो आणि उत्तर आधीच बांधलेले आहे. खरा विरोध करतात ते अलेक्झांडर येसेनिन-व्होल्पिन यांच्यासारखे अतिमर्यादावादी, म्हणजे फार मोठ्या संख्यांचे अस्तित्वच न मानणारे. ते रशियन कवी येसेनिन यांचे पुत्र, स्वतः कवी, आणि सोव्हिएत सत्तेचे विरोधक. हार्वे फ्रीडमन या तर्कशास्त्रज्ञांनी त्यांची एक आठवण सांगितली आहे. २चा पहिला घात खरा आहे का, असे विचारल्यावर त्यांनी लगेच होकार दिला. दुसऱ्या घाताला होकार किंचित उशिरा आला, तिसऱ्याला आणखी उशिरा. शंभराव्या घातापर्यंत असेच विचारत गेले तर होकार येईल, पण तिथवर पोचायला वेळ कधी पुरणारच नाही, असा त्याचा अर्थ. त्या मापाने म(१२७) ही संख्या म्हणून पुरेशी अस्तित्वातच नाही. या मताला उत्तर ल्युका यांच्या कामातच आहे. २चा १२७वा घात मोजत गाठता येत नाही, पण १२५ वर्गांनी त्याच्याविषयी निर्णय घेता येतो. मोठी संख्या आवाक्यात येते ती गणतीने येत नाही, नियमाने येते.

तरीही व्होल्पिन यांची शंका पूर्णपणे निकालात निघत नाही. २ हा घातांक घेतला तर मर्सेन संख्या ३ येते. ३ घेतला तर ७. ७ घेतला तर १२७. आणि १२७ घेतला तर म(१२७). पाचही मूळ. १८७६ साली युजेन कातालाँ यांनी या साखळीकडे लक्ष वेधले. पुढची कडी म्हणजे म(१२७) हाच घातांक घेतलेली मर्सेन संख्या. ती लिहायला ५वर ३७ शून्ये इतक्याहून अधिक अंक लागतील. मूळ मर्सेन संख्येला घातांक केले की मूळच संख्या येते असा नियम नाही. ८१९१ ही मूळ मर्सेन संख्या आहे, पण म(८१९१) संयुक्त असल्याचे १९५०च्या दशकात संगणकाने दाखवले. नुसत्या संभाव्यतेच्या अंगाने पाहिले तर साखळीची पुढची कडी संयुक्त असण्याचीच शक्यता फार मोठी आहे. ल्युका–लेमर कसोटी तिला तत्त्वतः लागू पडते, पण सेकंदाला शंभर कोटी पायऱ्या केल्या तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे चाळीस हजार कोटी पट काळ लागेल. २००२ साली आयआयटी कानपूरच्या मनींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कोणत्याही संख्येचे मूळपण वाजवी वेळात ठरवणारी पद्धत दिली. पण संख्येचे अंक वाढतील तसा तिचाही वेळ वाढतो, आणि इथे अंकच इतके आहेत.

लायब्निझ आणि ऑगस्टीन यांच्या दृष्टीने या संख्येचेही उत्तर ठरलेले आहे आणि ज्ञात आहे. फक्त आपल्याला नाही. ब्राउवर यांच्या दृष्टीने ते तत्त्वतः ठरवता येण्याजोगे आहे, पण हे ‘तत्त्वतः’ कोणत्या मनाच्या बाबतीत, हा प्रश्न त्यांच्याच अनुयायांना टोचत राहतो. माणसाच्या बाजूने पाहिले तर दोन्ही उत्तरांचे अंतर सारखे नाही. ही संख्या मूळ असेल, तर आज माहीत असलेल्या कोणत्याही पद्धतीने ते कळण्याची आशा नाही. त्यासाठी नवे गणित लागेल. ती संयुक्त असेल आणि तिचा एखादा अवयव पन्नास-साठ अंकांचा असेल, तर तो पडताळायला २पासून सुरू करून त्या अवयवाने भागत जायचे १२७ वर्ग पुरे होतात. शेवटी बाकी २ आली की निर्णय झाला, आणि हे काम एका वहीत मावते. म(१२७)च्या दुपटीच्या पटींत १ मिळवून येणाऱ्या अशा लहान अवयवांचा शोध संगणकांनी घेतलेला आहे. आजवर एकही सापडलेला नाही.